घरगुती विद्युत्‌संचायकाची उसनवारी

घरच्या सौरविजेसाठी कोणती बॅटरी सुरक्षित, हा प्रश्न सामान्यतः रसायनशास्त्राचा मानला जातो. शिसे घ्यावे की लिथियम, आणि लिथियम असल्यास कोणत्या जातीचे, एवढ्यावर चर्चा थांबते. इतिहासाच्या अभ्यासकाने त्याआधीचा एक प्रश्न विचारावयास हवा: घरात आलेली ही बॅटरी मुळात कोणत्या कामासाठी घडविली होती? घरगुती संचायकाचे पुष्कळसे धोके त्याच्या द्रव्यातून जितके उद्भवले तितकेच या उसनवारीतूनही उद्भवले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्लाँते याने १८५९ साली शिसे व गंधकाम्ल यांचा पुनर्भारित करता येणारा घट सिद्ध केला. १८८१ मध्ये फोर याने शिशाच्या लेपाच्या पट्ट्या करून तो व्यवहारोपयोगी बनविला. पुढे १९१६ पासून अमेरिकेतील शेतघरांत ‘डेल्को-लाइट’ नावाची विद्युत्‌यंत्रे बसू लागली. तेलावर चालणारे एक लहान इंजिन व काचेच्या भांड्यांतील सोळा घट मिळून ३२ व्होल्टची वीज देत. हे घट एका जागी ठेवण्यासाठीच घडविलेले असल्याने त्यांच्या वजनाची कोणास फिकीर नव्हती. काचेतून आम्लाची पातळी दिसे, तळाशी साचलेला गाळ दिसे; काही घटांत तर आम्लाच्या घनतेनुसार वरखाली होणाऱ्या गोळ्या असत, त्यांवरून भार किती उरला हे घरधन्यास कळे. भारण पूर्ण होत आले की घटातून हायड्रोजन सुटतो, आणि हवेत त्याचे प्रमाण सुमारे चार टक्के झाले की ठिणगी पुरेशी होते. म्हणून खेळती हवा आवश्यक. १९३६ च्या ग्रामीण विद्युतीकरणाच्या कायद्यानंतर तारा शेतापर्यंत पोहोचू लागल्या, ही यंत्रे अडगळीत गेली, आणि संचायक घरात कसा सांभाळावा याची जाणही त्यांच्याबरोबर मावळली.

बेल प्रयोगशाळेने २५ एप्रिल १९५४ रोजी सिलिकनचा सौरघट जाहीर केला. त्याची कार्यक्षमता सुमारे सहा टक्के होती, आणि किंमत घरगुती वापराच्या पूर्णपणे आवाक्याबाहेर. सौरपट्ट्या घरांवर चढल्या त्या १९७० नंतरच्या दशकात, उत्तर कॅलिफोर्नियातील वीजजाळ्यापासून दूर राहणाऱ्या वस्त्यांत. तेथे हाताशी होती ती मोटारीची बॅटरी. तिच्या पट्ट्या पातळ व संख्येने अधिक असतात, कारण इंजिन सुरू करताना तिला काही क्षण प्रचंड प्रवाह द्यावयाचा असतो. रोज रात्री तिला खोलवर रिकामी केली तर ती लवकरच निकामी होते. शिवाय निजावयाच्या खोलीत ती हायड्रोजन सोडते ते वेगळेच. आपल्याकडे इन्व्हर्टरला मोटारीची बॅटरी जोडण्याची काटकसरही काही अपरिचित नाही. नळीदार पट्ट्यांच्या बॅटरीने या उसनवारीवर बराच उतारा दिला.

लिथियमची कथा याहून उद्‌बोधक आहे. व्हिटिंगहॅम याने १९७० नंतरच्या दशकात एक्सॉन कंपनीत धातुरूप लिथियमचा घट केला. तो पेट घेई. १९८० साली गुडइनफ व त्याच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्ड येथे कोबाल्ट ऑक्साइडचे धन-अग्र सुचविले, योशिनो याने १९८५ मध्ये ऋण-अग्रासाठी कार्बन वापरला, आणि १९९१ साली सोनी कंपनीने हा घट बाजारात आणला. त्याचा मुख्य गुण हलकेपणा. तो हातात धरावयाच्या उपकरणांसाठीच होता. परंतु कोबाल्ट ऑक्साइड अतिशय तापले की प्राणवायू सोडते, म्हणजे आगीला लागणारी सामग्री घटाच्या पोटातच असते. पुढे विद्युत्-मोटारींसाठी निकेलयुक्त जाती वाढल्या, आणि त्याच जाती घराच्या भिंतीवर आल्या. टेस्ला कंपनीची ‘पॉवरवॉल’ २०१५ ची. डिसेंबर २०२० मध्ये एलजी केम कंपनीच्या काही घरगुती बॅटऱ्या आगीच्या घटनांमुळे अमेरिकेत परत मागविण्यात आल्या. त्यापूर्वी, १९ एप्रिल २०१९ रोजी, ॲरिझोनातील सरप्राइझ येथील वीजकंपनीच्या संचायकगृहात घट तापून वायू कोंडला, आणि दार उघडल्यावर स्फोट होऊन अग्निशामक जखमी झाले. कोंडलेल्या ज्वालाग्राही वायूचे हे भय शिशाच्या घटाच्या मालकास पूर्वीपासूनच ठाऊक होते!

वस्तुतः घराला साजेसे द्रव्य १९९७ मध्येच प्रसिद्ध झाले होते. टेक्सास विद्यापीठात अक्षय पाढी, नंजुंडस्वामी व गुडइनफ यांनी लोह-फॉस्फेटाचे धन-अग्र मांडले. त्याची विद्युत्‌वाहकता क्षीण, व्होल्टताही कोबाल्टाच्या घटाहून कमी. खिशातल्या उपकरणाच्या दृष्टीने ते दुय्यमच ठरले. परंतु त्यातील प्राणवायू फॉस्फरसाशी घट्ट बांधलेला असल्याने तापल्यावर सहजी सुटत नाही, आणि भिंतीवरच्या बॅटरीला थोडे अधिक वजन असले तर बिघडते काय? ‘पॉवरवॉल’च्या तिसऱ्या आवृत्तीने हेच द्रव्य स्वीकारले. अर्थात ते निर्धोक नव्हे. अतिभारण झाले किंवा घट चेचला तर त्यातूनही ज्वालाग्राही वायू निघतात. म्हणूनच ब्रिटनमध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या विनिर्देशाने घरगुती बॅटरी निजण्याच्या खोलीत, माळ्यावर वा जिन्याच्या वाटेवर बसवू नये असे सांगताना रसायनाच्या जोडीला जागेचाही विचार केला.

सध्या तिसरी उसनवारी सुरू आहे. विद्युत्-मोटारींतून निवृत्त झालेले घट जुळवून घरासाठी संच बांधले जातात. असा घट लोह-फॉस्फेटाचा असला तरी तो पूर्वी किती तापला, किती वेळा पूर्ण रिता झाला, हे त्याच्या अंगावर लिहिलेले नसते. प्रत्येक घटाच्या व्होल्टतेवर व तापमानावर लक्ष ठेवून भारण तोडणारे नियंत्रक मंडल अशा संचात आहे की नाही, हे घट कोणत्या जातीचा आहे याच्याही आधी पाहावे लागते.