डाळीच्या डब्यातला झुंजार

आमच्या महालातल्या वाड्यात मोठ्या काकू राहायच्या. शिक्षण चौथीपर्यंतचं. दुपारी भांडी आटोपली की तुरीच्या डाळीच्या डब्यातून एक पातळसं पुस्तक काढायच्या. सासऱ्यांची चाहूल लागली की पुस्तक परत डाळीत! बाईमाणसानं असलं काही वाचायचं नाही, असा आमच्या घरात दंडक होता.

ते पुस्तक असायचं बाबूराव अर्नाळकरांचं. त्यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म 1906 चा, निधन 1996 मध्ये. एकट्या माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या! गोष्ट दर वेळी नवी, माणसं मात्र ओळखीची. कधी झुंजार, कधी काळापहाड, कधी गुन्ह्याचा छडा लावणारे धनंजय आणि छोटू.

झुंजार मरणार नाही हे ठाऊकच असतं, मग धाकधूक कसली? हे मी काकूंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "वाचणार हे माहीत आहे गं, पण कसा वाचणार?"

आणखी एक गोष्ट मला मोठेपणी उमगली. अक्षरं जुळवत वाचणाऱ्या बाईची पहिली दहा पानं कोण कुणाचं हे ध्यानात ठेवण्यातच जातात. इथे पहिल्याच पानावर घरचं माणूस भेटायचं आणि काकू थेट गोष्टीत शिरायच्या. सगळीच पुस्तकं चांगली होती असं नाही. काही घाईत उरकलेली कळतात. जाणकारांनी तर त्यांना साहित्यात फारसं धरलंच नाही.

ही ओढ आपल्याकडचीच नाही. धनंजय-छोटूची जोडी इंग्रजीतल्या शेरलॉक होम्स आणि डॉक्टर वॉटसनच्या वळणाची. होम्सचे लेखक कॉनन डॉयल त्याला कंटाळले आणि 1893 मध्ये त्यांनी गोष्टीत त्याला मारून टाकलं. वाचक असे चिडले की काय सांगू! शेवटी 1903 मध्ये तो मेलाच नव्हता असं दाखवून डॉयलना त्याला परत आणावं लागलं.

काकूंची पुस्तकं धाकटे दीर स्वतःच्या नावावर लायब्ररीतून आणायचे. एकदा आलेल्या पुस्तकाची शेवटची पानंच फाटलेली. दीर गावाला गेलेले. काकूंनी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेतला, बडकस चौकाकडच्या लायब्ररीत एकट्या गेल्या, दुसरी प्रत मागितली आणि येताना स्वतःच्या नावाचं खातं उघडून आल्या.