वेण्णा तलाव : निर्मिती आणि निगा

महाबळेश्वरी येऊन वेण्णा तलावात नौकाविहार करणाऱ्या प्रवाशास हे जळ निसर्गदत्तच वाटते; वस्तुतः १८४२ साली, साताऱ्याच्या गादीवर छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज विराजमान असताना, महाबळेश्वरी नव्याने वसलेल्या माल्कम पेठ या वस्तीच्या पाण्याची तजवीज म्हणून तो मुद्दाम निर्माण करण्यात आला, आणि विहारस्थान म्हणून त्याची कीर्ती पसरली ती मागाहून.

अशा जलाशयाचा खरा वैरी गाळ होय. जेथे वर्षाकाठी सामान्यतः २०० इंचांहून अधिक पर्जन्यवृष्टी होते, तेथे उतारावरील जांभ्याची तांबडी माती लोंढ्यांबरोबर येऊन तळाशी बसते, पात्र उथळ होते, आणि ग्रीष्मात पाणी ओसरले की काठालगत तांबूस चिखलाचा भेगाळलेला पट्टा उघडा पडतो. म्हणून वेळोवेळी गाळ उपसणे, बांधाची डागडुजी करणे आणि भोवतालची झाडी राखून मातीची धूप थोपविणे, ही कामे तलाव बांधण्याइतकीच महत्त्वाची ठरतात. निर्मात्याचे नाव दप्तरी राहते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या तलावाची निगा राखणाऱ्या अनाम हातांचे ऋणही आपण तितक्याच आदराने मानले पाहिजे.