गिरणी कामगारांचे वार्धक्य : आरोग्याची सामाजिक-आर्थिक बाजू

मुंबईच्या कापड गिरण्यांच्या इतिहासात संप, संघटना व वेतन यांवर विपुल लेखन झाले आहे. वृद्ध कामगाराच्या प्रकृतीकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. याचे एक कारण साधनांतच आहे. थकलेला कामगार हजेरीपटावरून उतरला की गिरणीच्या दप्तरातूनही नाहीसा होई.

पुढची वर्षे तो बहुधा रत्नागिरी, सातारा या जिल्ह्यांतील आपल्या गावी काढी. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात कामगाराचे गावाशी असलेले नाते हितकारक मानून ते टिकवावे, असे मत मांडले. आयोगाचा हेतू वाईट नव्हता; परंतु वार्धक्याचा भार मालकाने नव्हे, तर कोकणातील अपुऱ्या शेतीने आणि ती कसणाऱ्या स्त्रियांनी वाहावा, हे त्यात गृहीतच होते.

आजाराचे मूळ मात्र अनेकदा गिरणीत असे. ब्लो रूम व कार्डिंग खात्यांत कापसाची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्याने बिसिनोसिस हा फुप्फुसविकार जडतो. आठवड्याच्या सुटीनंतर कामावर परतताच छाती आवळल्यासारखी वाटणे, ही त्याची प्रारंभीची खूण. पुढे दम कायमचा लागतो आणि हा विकार जुनाट खोकल्यापासून वेगळा ओळखणे अवघड होते. नोकरीत असताना जो व्यवसायजन्य रोग ठरला असता, तो गावी केवळ म्हातारपणाचा खोकला ठरे. मग भरपाई कोण मागणार?

१९४८ चा राज्य कामगार विमा कायदा, १९५२ चा भविष्य निर्वाह निधी कायदा व १९७२ चा उपदान कायदा यांनी चित्र काहीसे पालटले. तथापि हे लाभ नोकरीशी, आणि उपदान तर सलग सेवेशी, बांधलेले होते. बदली कामगाराच्या पदरी त्यातले थोडेच पडे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यांतील हजारोंना पुन्हा काम मिळाले नाही. नोकरीबरोबर विमा दवाखान्याचा आधारही सुटला. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ रोजी आली, तेव्हा यांपैकी बहुतेक जण सेवेबाहेर होते.

संपानंतर अनेक घरांत खानावळ व धुणीभांडी करून स्त्रियांनी संसार चालविला. या श्रमांना वरीलपैकी कोणत्याही कायद्याचे संरक्षण नव्हते. त्यामुळे त्यांचे वार्धक्य समजून घेण्यास मौखिक साधनांकडेच वळावे लागते; मीना मेनन व नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गिरणगावच्या मौखिक इतिहासात स्त्रियांच्याही साक्षी आहेत.