व्हेरिलेटर : एका भाषांतराचा इतिहास

मूळ कृतीशीं इमान राखून ती परभाषेंत उतरविणें किती बिकट, हें वाचकांस सांगावयास नको. चिपची रचना वर्णन करणाऱ्या व्हेरिलॉग भाषेचें सी भाषेंत रूपांतर करण्याचें असेंच काम १९९४ मध्यें डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्यें पॉल वॉसन यांनीं आरंभिलें. आल्फा प्रोसेसरच्या सी भाषेंतील प्रतिकृतीशीं त्याची जोड घालावयाची होती.

अडचण मूलगामी होती. चिपमध्यें सर्व व्यापार एकदम घडतात. सी भाषेंत ते एकामागून एक. दोन रजिस्टरांनीं एकाच ठोक्यास मूल्यांची अदलाबदल करावयाची, तर दोन्हीं नवीं मूल्यें आधीं बाजूस काढून मगच भरलीं पाहिजेत. एरव्हीं एक मूल्य नष्ट होतें. रूपांतर चुकलें कीं परीक्षा फसवी ठरते, आणि एकदां घडलेल्या सदोष चिपच्या तारा बदलतां येत नाहींत.

१९९८ मध्यें कंपनीनें मूळ कोड खुला केला. २००२ मध्यें विल्सन स्नायडर यांनीं तो सी प्लस प्लसमध्यें मुळापासून नव्यानें लिहिला. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीनें काम अनेक थ्रेडांत वांटलें. २०२२ च्या पांचव्या आवृत्तीनें घटनांचा क्रम भाषेच्या प्रमाणाबरहुकूम लाविला. वेग आधीं साधला. काटेकोर इमानास मात्र अधिक काळ लागला.