मुत्ता थेरीची एक गाथा

नाशिकच्या द्वारका चौकातून महामार्गाने मुंबईच्या दिशेस निघाल्यास काही किलोमीटरवर त्रिरश्मी पर्वतावरील बौद्ध लेणी लागतात. तेथील १० क्रमांकाच्या लेण्यात दक्षमित्रेने एक खोली दान दिल्याचा प्राकृत लेख आहे. नहपानाची कन्या आणि उषवदाताची पत्नी, अशी तिची ओळख त्यात कोरलेली आहे. दान तिचे, परंतु ओळख पित्याची आणि पतीची.

थेरीगाथेची रीत वेगळी आहे. ७३ रचनांच्या या संग्रहाचा प्रारंभ एकनिपाताने, म्हणजे प्रत्येकी एकाच गाथेच्या १८ रचनांनी होतो. त्यांपैकी एक मुत्ता थेरीची आहे. अट्ठकथेनुसार ती कोसल देशातील दरिद्री ब्राह्मणाची कन्या असून तिचा विवाह कुबड्या ब्राह्मणाशी झाला होता. उखळ, मुसळ आणि पती या तीन वाकड्यांतून सुटल्याचे ती प्रथम सांगते. लगेच जन्ममरणातूनही मुक्त झाल्याचे घोषित करते. स्वयंपाकघरापासून निब्बाणापर्यंतचा प्रवास एका गाथेत सामावतो. येथे तिची ओळख पित्यावरून वा पतीवरून होत नाही, ती स्वतःच्या अनुभवावरून होते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपात त्रिपिटक लिपिबद्ध होईपर्यंत भिक्खुसंघाने अशा गाथा मुखपाठाने जपल्या.

मुत्तेची मुक्ती केवळ पारमार्थिक मानणे अपुरे आहे आणि केवळ सांसारिक मानणेही. याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला. सामाजिक दास्य आणि चित्ताचे बंधन एकत्रच तोडावे लागते, हे आपला हा इतिहास सांगतो. मुत्तेने ते एका गाथेत सांगितले होते.