कम्युनिटी कॉलेज आणि यशाची माने

एखाद्या संस्थेचे कार्य बदलले, तरी ते मोजण्याची माने बदलण्यास पुष्कळ काळ लागतो. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांचा इतिहास हे त्याचे बोलके उदाहरण होय.

इ. स. १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातील जॉलिएट येथे, शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांच्या प्रेरणेने, ज्यूनियर कॉलेज निघाले. 'ज्यूनियर' या विशेषणातच त्याचे प्रयोजन सामावलेले होते. पदवीची पहिली दोन वर्षे येथे पुरी करून विद्यार्थ्याने विद्यापीठाची वाट धरावी, ही मूळ कल्पना. पुढे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या १९४७ च्या अहवालाने 'कम्युनिटी कॉलेज' ही संज्ञा रूढ केली. विशेषण पालटले तशी अपेक्षाही पालटली. विद्यापीठाइतकीच भोवतालच्या समाजाची गरज पाहणे, हे आता संस्थेचे कर्तव्य ठरले. १९६३ च्या व्यवसाय-शिक्षण कायद्याने या दिशेस बळ दिले.

मोजमाप मात्र जुन्याच कल्पनेत अडकून राहिले. १९९० च्या केंद्रीय कायद्याने पदवीप्राप्तीचे प्रमाण प्रसिद्ध करणे कॉलेजांवर बंधनकारक केले. या गणनेत प्रथमच प्रवेश घेणारे, पूर्णवेळ शिकणारे विद्यार्थीच धरले जात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमास तीन वर्षांची मुदत असे. वस्तुतः या कॉलेजांतील बहुसंख्य विद्यार्थी अर्धवेळ शिकणारे. रात्री जोडकामाचा एखादा वर्ग करून कारखान्यात बढती मिळविणारा कामगार या हिशेबात मुळी येतच नसे. आणि पूर्णवेळ विद्यार्थी प्रमाणपत्रापूर्वीच नोकरीस लागला, तर तो अपयशाच्या रकान्यात पडे. याउलट, थॉमस केन व सिसिलिया राउस यांनी १९९५ मध्ये दाखविले की, पदविका न घेताही या कॉलेजांत शिकलेल्यांची मिळकत केवळ शालान्त शिक्षण झालेल्यांपेक्षा सरासरीने सुमारे १० टक्के अधिक होती.

१९९८ च्या कामगारविषयक कायद्याने नोकरी, तिच्यातील सातत्य आणि वेतन ही नवी माने पुढे आणली. त्यांसाठी बेकारी-विम्याच्या वेतननोंदी उपयोगी पडल्या. परंतु स्वतंत्र व्यवसाय करणारे व केंद्र सरकारचे नोकर राज्याच्या या नोंदींत आढळत नाहीत, आणि परराज्यात गेलेल्याचा माग तेथपर्यंत नेणे सुकर नसते. शिवाय व्यक्तीचे वेतन म्हणजे प्रदेशाची उन्नती नव्हे. बालवाडीच्या शिक्षिकेचे वेतन अल्प असते. केवळ वेतनाच्या निकषावर तिचा अभ्यासक्रम तोट्याचा ठरेल. तथापि तो बंद पडल्यास लहान मुलांच्या आयांना कामावर जाणे दुर्घट होईल, आणि ही हानी कोणत्याच तक्त्यात उमटणार नाही.

२०१५-१६ पासून केंद्रीय गणनेत अर्धवेळ विद्यार्थी व पूर्वी अन्यत्र शिकून आलेले यांचा समावेश झाला. आठ वर्षांपर्यंत त्यांची वाटचाल पाहिली जाऊ लागली. ही सुधारणा मोलाची खरी. परंतु मान हे निरुपद्रवी साधन नव्हे. ज्यावर अनुदान अवलंबून असते, त्याच्याच सोयीने संस्था आपले दार उघडते वा मिटते. यास्तव कोणतेही मान स्वीकारण्यापूर्वी त्यात कोण मोजले जात नाही, हा प्रश्न प्रथम विचारावयास हवा.