फास्ट

इंग्रजीतील एक विशेषण. क्रियाविशेषण, नाम आणि क्रियापद म्हणूनही वापरात. मराठी बोलण्यात त्याचा ‘वेगवान’ हाच अर्थ प्रामुख्याने रुळला आहे. मूळ अर्थ मात्र ‘घट्ट, पक्का, जागचा न हलणारा’ असा आहे. चिखलात रुतून बसलेली गाडीही इंग्रजीत फास्ट आणि महामार्गावरून भरधाव सुटलेलीही फास्ट.

जुन्या इंग्रजीत ‘फॅस्ट’ म्हणजे दृढ. जर्मनमधील ‘फेस्ट’ हा त्याचा सख्खा भाऊ, अर्थही तोच. (जर्मनमध्ये ‘फास्ट’ असाही शब्द आहे, पण त्याचा आजचा अर्थ ‘जवळजवळ’, नवशिके तिथे हमखास फसतात.) दृढपणातून वेग कसा निघाला, याचा धागा क्रियाविशेषणात सापडतो. ‘घट्ट’वरून ‘जोर लावून’ हा अर्थ आला; जोर लावून लढणे, जोर लावून धावणे असे प्रयोग होऊ लागले, आणि जोर लावून धावणारा वेगातच असणार. मराठी माणसाला हे वळण परके वाटू नये. ‘जोरात दाब’ यात ताकद असते, ‘जोरात पळ’ यात वेग. विशेषणाला ‘वेगवान’ हा अर्थ सोळाव्या शतकात चिकटला आणि पुढे त्यानेच घर बळकावले.

जुना अर्थ मेला नाही. गाढ झोपेला, जिवलग मित्राला आणि अपवाद न चालणाऱ्या नियमाला लावलेला फास्ट जुनाच आहे. नियमाच्या बाबतीत तो ‘हार्ड’च्या जोडीने येतो, ही जोडी दर्यावर्दींची, किनाऱ्याला लागून पक्क्या बसलेल्या जहाजाबद्दलची. ‘फास्ट अँड लूज’ हा वाक्प्रचार जत्रेतल्या एका ठकबाजीवरून आला. पट्टा दुमडून, गुंडाळून टेबलावर ठेवायचा. गिऱ्हाइकाने मधल्या वेढ्यात काडी खोचून तो अडकवून दाखवायचा. दोन्ही टोके ओढली की पट्टा अलगद सुटून येई आणि पैज बुडे. हा खेळ शेक्सपिअरच्या काळी एवढा माहितीचा होता की त्याच्या नाटकांत त्याचा उल्लेख येतो.

कापडधंद्यात फास्ट रंग म्हणजे न जाणारा, आपला पक्का रंग. तो धुण्याने किती उतरतो हे राखाडी छटांच्या पट्टीशी ताडून 1 ते 5 असे अंक देतात. उन्हात टिकण्यासाठी निळ्या लोकरीच्या तुकड्यांची 1 ते 8 अशी वेगळी मोजणी आहे. दोन्हींत मोठा अंक चांगला.

जुन्या अर्थाचा सर्वांत नेमका वापर क्षयरोगाच्या तपासणीत होतो. थुंकीच्या अहवालावरील ‘एएफबी’ या अक्षरांतले मधले ‘एफ’ म्हणजे हाच फास्ट. झील-नील्सन पद्धतीत काचपट्टीवर थुंकीचा पातळ थर देऊन त्यावर कार्बॉल फुक्सिन हे लाल रंजक ओततात आणि खालून वाफ येईपर्यंत गरम करतात. मग आम्लाने धुतात. इतर जंतूंचा रंग उतरतो. क्षयाच्या जंतूच्या आवरणात मायकोलिक आम्लाचा मेणचट थर असल्याने त्याचा उतरत नाही. शेवटी मिथिलीन ब्ल्यू दिला की निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. आम्लालाही न सुटणारा, म्हणून तो ‘ॲसिड-फास्ट’. फास्ट म्हणजे वेगवान एवढेच ठाऊक असणाऱ्याला हा जंतू झपाट्याने वाढतो असे वाटेल. प्रत्यक्षात तो फार संथ वाढतो. प्रयोगशाळेत त्याची वाढ डोळ्यांना दिसायला आठवडे लागतात.

वेगाच्या अर्थालाही पोटअर्थ फुटले आहेत. छायाचित्रणात फास्ट लेन्स म्हणजे अधिक प्रकाश आत घेणारी, त्यामुळे कमी वेळात काम भागवणारी. ‘फास्ट ब्रीडर’ अणुभट्टीत वेग आहे तो न्यूट्रॉनचा. त्यांची गती मुद्दाम कमी केली जात नाही, एवढेच त्या नावाने सांगायचे आहे. कल्पक्कमची अशी प्रायोगिक भट्टी 1985 मध्ये सुरू झाली. एकोणिसाव्या शतकात उधळ्या, चैनी मंडळींना फास्ट म्हणत. बाईला ते विशेषण लागले की त्यात सरळ चारित्र्यावर बोट असे, आणि तो दुटप्पीपणा आपल्याकडच्या बोलण्यातही उतरला.

‘आज माझा फास्ट आहे’ म्हणजे उपवास, हे नामही त्याच कुळातले: व्रत घट्ट धरणे. ‘ब्रेकफास्ट’ म्हणजे तो सोडणे. घड्याळ पाच मिनिटे फास्ट असते तेव्हा त्याचे काटे भराभर फिरत असतीलच असे नाही. ते फक्त पुढे असते. मुंबईच्या फास्ट लोकलचेही तसेच. मधली स्टेशने वगळल्याने ती लवकर पोहोचते. सिग्नल न मिळून दोन स्टेशनांच्या मध्ये तिष्ठत उभी असली तरी डब्यातल्यांच्या लेखी ती फास्टच असते.